एकच पातेलं

सांगलीच्या मार्केट यार्डामागं आमची खोली.
हळदीची पोती उतरायला लागली
की उशीसुद्धा पिवळी व्हायची.
चौघांत एक खिडकी, खिडकीत एक फळी,
फळीवर बरण्या.

डबा चौगुले काकींचा, रात्री साडेआठला.
सोमवारी दुधी, मंगळवारी दोडका,
बुधवारी पुन्हा दुधी, पण चौकोनी चिरलेला.
आमटी अशी, की डब्याचा तळ वाचता यावा,
आणि मीठ बहुधा शेजारून
नुसतं रामराम करून गेलेलं.

मग झाकणं उघडायची.

रियाज मुलाणीची शेंगदाण्याची चटणी, जतहून आलेली,
उखळात कांडलेली, तेल सुटलेली,
दाबली तर बोटाचा ठसा राहील अशी.
"मिक्सरची न्हाई," तो दर वेळी सांगायचा,
जणू समोर कोणी जबाब लिहून घेतंय.

अभिनंदन मगदूमचं कुंडलचं कारळं,
काळंभोर, जरासं कडवट, लसणाशिवाय.
त्याचा चमचा वेगळा.
तो चमचा आम्ही
दारू झालेल्या रात्रीसुद्धा चुकवला नाही.

दीपक हाक्केची बरणी नव्हती.
आटपाडीहून तो फक्त तवा घेऊन आलेला.
हिरव्या मिरच्या चरचरायला लागल्या
की खालचे हुंडेकरी खोकत खोकत
आमच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे,
आणि हा डोळे मिटून, तांब्याच्या बुडानं
लसूण-मिरची तव्यावरच रगडत बसलेला.
असा खरडा, की दुधीनंही कान टवकारावेत.

माझी तेवढी सॉसची बाटली,
गणपती पेठेतली, पंचेचाळीस रुपयांची.
घरी वडील एकटे, तेच खानावळीत जेवणारे,
बरणी कोण भरणार?
भाकरीवर सॉस ओतला की तिघं हसायचे,
मग हळूच ताटं पुढं करायचे.

एकदा डब्याचा पोरगा तापानं पडला,
काकीच जिना चढून आल्या.
झाकणं उघडी. तवा तापलेला.
त्यांनी फळीवरची एकेक बरणी बघितली.
आम्ही चौघं कॉपी करताना सापडल्यासारखे.

"कळतंय रं मला, पाणचट असतंय.
ह्यांना ॲटॅक येऊन गेला, चार वर्सं झाली.
दोन पातेली चढवायची तर गॅस परवडत न्हाई,
आन् घरात तिखटाचा वास जरी सुटला
तरी हे भाकरी घेऊन दारात हुबं राहत्यात.
म्हून मग एकच पातेलं.
त्यातलंच ह्यांना, त्यातलंच तुमाला,
त्यातलंच मला."

कोणी काही बोललं नाही.
हाक्केनं अर्ध्या भाकरीवर खरडा ठेवला,
वरून कच्चं तेल सोडलं, पुढं केली.
काकी रियाजच्या ट्रंकेवर बसल्या.
पहिल्या घासाला नाक वाहिलं, दुसऱ्याला डोळे,
तिसऱ्याला म्हणाल्या,
"लसूण कच्चा ऱ्हायलाय. आजून भाजायचास."

पोरगा दोन दिवसांत बरा झाला.
पण दर शुक्रवारी डबा घेऊन काकीच यायच्या,
पोराला आज क्लास आहे म्हणायच्या.
शाळा त्यानं केव्हाच सोडलेली.

दिवाळीनंतर अभिनंदन कुंडलहून परतला
तर पिशवीत बरण्या दोन.
एकीवर चिकटपट्टी, आईच्या अक्षरात: बिनमिठाचं.
ती काकींच्या पदराखाली गेली.
सॉसही त्यांनी बोटावर घेऊन चाखला, तोंड वाकडं केलं,
"ह्यात भांडण कुटंय?" म्हणाल्या.

शुक्रवारचं एवढंच आठवतं:
खाऊन झालं की त्या नळावर
साबणानं दोनदा हात धुवायच्या,
चूळ भरायच्या, बडीशेप चघळायच्या,
मग तळवा आमच्या नाकाशी धरायच्या.
"बघ रं, गेला का वास?"

गेला, म्हणायचो आम्ही चौघं.

गेलेला नसायचा.